तुकोबारायांची दोन स्वप्ने

स्वप्न हा शब्द आपल्या नित्याच्या व्यवहारात फारसा आदराने उच्चारला जात नाही. हाती न येणाऱ्या गोष्टीला आपण स्वप्नवत् म्हणतो, आणि मनोराज्ये करणाऱ्या माणसाला जागे होण्याचा उपदेश करतो. वेदान्त्यांनी तर हा सारा संसारच स्वप्नासारखा मिथ्या ठरविला. असे असता महाराष्ट्राच्या वाङ्मयातील एक अत्यंत सत्य, अत्यंत जागृत अशी वाणी स्वप्नातल्या आज्ञेने प्रकट झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ती वाणी देहूच्या तुकोबारायांची; आणि ज्यांनी स्वप्नात येऊन ती आज्ञा केली ते आपले नामदेवराय.

कार्तिक शुद्ध एकादशीला नामदेवरायांचा जन्मोत्सव आणि आषाढ वद्य त्रयोदशीला त्यांचा समाधिसोहळा आपण शिंपी समाजाची मंडळी भक्तिभावाने साजरा करतो. दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मध्ये जन्मलेल्या या महापुरुषाने पंढरीच्या वाळवंटात कीर्तनाचा ध्वज उभारला आणि नामाचा गजर पंजाबातील घुमानपर्यंत नेला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. हा इतिहास आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असतो. परंतु शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये महाद्वाराच्या पायरीशी विसावलेले नामदेवराय त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी एका वाण्याच्या स्वप्नात का आले, आणि त्या स्वप्नाने काय घडविले, हे आपण क्वचितच बारकाईने पाहतो. त्या निमित्ताने तुकोबारायांचे चरित्र या वार्षिक अंकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

इंद्रायणीच्या काठी देहू नावाचे लहानसे गाव. तेथील मोरे घराणे जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी, आणि गावच्या महाजनकीचा मान असलेले. आंबिले हे त्यांचे आडनाव. या कुळात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी चालत आलेली होती. घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा हे वारीचे मोठे नेमस्त. त्यांच्या भक्तीने संतुष्ट होऊन पांडुरंगाने स्वप्नात दृष्टान्त दिला, आणि त्या खुणेप्रमाणे आंब्याच्या वनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या, अशी कथा परंपरेने जतन केली आहे. म्हणजे देहूचे देऊळसुद्धा एका स्वप्नाच्या पायावर उभे आहे, असे त्या गावची श्रद्धा सांगते. तुकोबांच्या बालमनावर ही कथा नक्कीच बिंबली असेल.

तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हा धरला जातो. अभ्यासकांनी याहून निराळी वर्षेही सुचविली आहेत. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. सावजींचे चित्त प्रपंचात नसल्याने दुकानाचा भार तुकोबांवर लहान वयातच आला. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याच्या विकाराने पीडित असल्यामुळे पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. काही काळ घर भरलेले, दुकान चाललेले आणि गावात पत असलेली, असे दिवस गेले.

पुढे एकामागून एक आघात कोसळले. आईवडील निवर्तले. थोरल्या वहिनीचा अंत झाला आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. इतक्यात १६२९ ते १६३१ या वर्षांतील तो भीषण दुष्काळ आला. गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रदेशांत त्याने अन्नावाचून माणसे मारली, गावे ओस पाडली. धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात धान्य उरले नाही. दुकानाचे दिवाळे निघाले, मान गेला, आणि रखुमाबाई अन्न अन्न करीत मृत्यू पावल्या. मुलगा संतोबाही गेला. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात या आपत्ती मोजक्या शब्दांत सांगितल्या आहेत. त्यात आक्रोश नाही. हिशेब लिहावा तशी एकेक बाब त्यांनी नोंदविली आहे. स्त्री अन्नावाचून मेली, व्यवसायात तोटा आला, या गोष्टींची लाज वाटली, असे ते प्रांजळपणे सांगतात.

या दुःखातून त्यांनी जी वाट धरली ती आपण क्रमाने पाहिली पाहिजे, कारण पुढील स्वप्नांचा अर्थ त्या क्रमात आहे. प्रथम त्यांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. मग एकादशीला कीर्तन करू लागले. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, हेही ते लपवीत नाहीत. संतांची वचने त्यांनी विश्वासाने आणि आदराने पाठ केली. कोणी पुढे गात असले तर मागे उभे राहून ध्रुवपद धरले. भामनाथाच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकान्तात बसून नामस्मरण केले. कर्जदारांची खतपत्रे घरात होती, त्यांतील धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, अशी कथा आहे. दुष्काळाने नागवलेल्या कुळांचे ऋण अशा रीतीने फिटले. वाण्याच्या वहीतील येणे बुडाले आणि दुसऱ्या वहीसाठी पान कोरे झाले.

अशा तयारीनंतर पहिले स्वप्न पडले. त्याचा वृत्तान्त तुकोबांनी स्वतः अभंगबद्ध केला आहे. ते गंगास्नानाला चालले असता वाटेत सद्गुरू भेटले आणि त्यांनी मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी त्यांनी पावशेर तूप मागितले. परंतु ते देण्याचा स्वप्नातच विसर पडला. काहीतरी अंतराय उपजला, आणि गुरू त्वरेने निघून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी आपल्या परंपरेची खूण सांगितली, आपले नाव बाबाजी असे सांगितले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. तो दिवस माघ शुद्ध दशमीचा, वार गुरुवार. ही तिथी आणि हा वार कोणत्या शकात एकत्र येतात याची गणिते पुढे अनेक अभ्यासकांनी मांडली. वर्षाविषयी त्यांचे एकमत झाले नाही. वारकरी मात्र वर्षाचा वाद बाजूस ठेवून ती दशमी आजही पाळतात. जुन्नरजवळील ओतूर येथे बाबाजी चैतन्यांचे समाधिस्थान दाखविले जाते.

या स्वप्नातील पावशेर तुपाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. एखाद्या कवीने कल्पनेने गुरुभेटीचे चित्र रंगविले असते तर त्यात दिव्य प्रकाश आणि पुष्पवृष्टी आली असती. येथे एक अतिथी मोजून पावशेर तूप मागतो, आणि दुकानदार ते द्यायला विसरतो. दुष्काळात ज्याच्या घरी अन्नावाचून मृत्यू झाला त्या माणसाच्या स्वप्नात अन्नाचीच मागणी होते, आणि ती अपुरी राहते. ही हुरहूर इतकी खरी आहे की स्वप्नाची सत्यता तिनेच पटते. गुरू घाईने निघून गेले याचा सल तुकोबांनी झाकून ठेवला नाही.

दुसरे स्वप्न याहून मोठे. नामदेवराय पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि त्यांनी स्वप्नातच तुकोबांना जागे केले. काम सांगितले ते कवित्व करण्याचे, आणि ताकीद दिली ती व्यर्थ न बोलण्याची. विठ्ठलाने माप धरले होते. त्याने थापटून तुकोबांना सावध केले. शतकोटी ही एकूण संख्या सांगितली, आणि त्यातील जे उरले असेल ते तुकोबांनी पुरे करावे, असे ठरले. नामदेवरायांनी शतकोटी अभंग रचण्याची प्रतिज्ञा केली होती आणि त्यासाठी गोणाई, राजाई, चारही पुत्र आणि दासी जनी अशी घरातील सारी माणसे अभंग रचू लागली, ही कथा आपल्या परिचयाची आहे. ते अपुरे राहिलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपविण्यासाठी नामदेवराय स्वप्नात आले. यावर तुकोबांनी काय मागितले? संतांच्या पंगतीत, त्यांच्या पायांशी, शेवटची जागा. आणि या भेटीचा प्रसाद आपल्या अंतरात राहिला, असे ते म्हणतात.

या दुसऱ्या स्वप्नातही धंद्याचीच भाषा आहे. विठ्ठल विटेवर कर कटीवर ठेवून उभा नाही. तो मापाशी आहे. धान्याच्या राशीवर मापाडी जसा एकेक माप टाकीत मोजणी सांगतो, तसा देव अभंगांची मोजणी करतो. एकूण किती, झाले किती, उरले किती, हा शुद्ध व्यापारी हिशेब. पुढे जागेपणी रचलेल्या एका अभंगात तुकोबांनी हीच प्रतिमा पुन्हा योजिली. मी कविता करतो असे कोणी म्हणेल, तर ही वाणी माझ्या पदरची नव्हे; मला केवळ निमित्तापुरते मापावर बसविले आहे, सत्ता धन्याची आहे, असा त्या अभंगाचा आशय. रास मालकाची, मापाडी केवळ मोजून देणारा. पण मापाड्याने माप खोटे टाकून चालत नाही, हेही त्यात आलेच. स्वप्नात ज्या हाती माप होते तो विठ्ठल. जागृतीत ते माप तुकोबांच्या हाती आले.

आपल्या समाजाला ही गोष्ट चटकन उमगावी. नामदेवरायांच्या पंजाबातील एका पदात मन हा गज आणि जिव्हा ही कात्री होते, आणि त्यांनी यमाचा फास कापला जातो. सुई सोन्याची व दोरा रुप्याचा होतो. ज्या हातांना जे हत्यार ठाऊक त्याच हत्याराने ते हात परमार्थ करतात. शिंप्याला गज आणि कात्री दिसली, वाण्याला माप दिसले. संतांची कविता पुस्तकांतून उसनी आणलेल्या अलंकारांनी सजलेली नाही; ती दुकानातून, मागावरून, शेतातून आणि चुलीपाशी उठली, म्हणून ती टिकली.

स्वप्नांचा अर्थ कसा लावावा, याचा विचार आपल्या पूर्वजांनी पुष्कळ केला आहे. बृहदारण्यक उपनिषदाने सांगितले की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, मार्गही नसतात. पुरुष ते सारे स्वतः निर्माण करतो, कारण तो कर्ता आहे. चरकसंहितेने स्वप्नांचे सात प्रकार केले: पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, भावी गोष्टींचे आणि वातादी दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिली पाच निष्फळ होत, असा वैद्यांचा निर्णय. इ. स. १८९९ च्या अखेरीस व्हिएन्नातील फ्रॉइड या मनोवैद्याचा स्वप्नांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि दडपलेल्या इच्छा स्वप्नात वेश पालटून येतात, हे मत जगभर पसरले. तुकोबांची स्वप्ने चरकाच्या पहिल्या पाच प्रकारांत बसविता येतील. नामदेवरायांचे अभंग त्यांनी ऐकले होते, पाठ केले होते, आणि त्या पंगतीत बसण्याची इच्छाही मनात होती. मग वैद्याच्या दृष्टीने ही स्वप्ने निष्फळच ठरावयाची!

परंतु ती निष्फळ ठरली नाहीत, आणि यातच खरे मर्म आहे. वैद्य स्वप्नाला विचारतो की पुढे काय घडणार. तुकोबांनी स्वप्नाला विचारले की मी आता काय करावे. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात ते सांगतात की गुरूने स्वप्नात केलेला उपदेश मी मानला. मानणे ही जागेपणीची क्रिया आहे. स्वप्न पडणे आपल्या हाती नाही. ते मानावे की उशीबरोबर झटकून टाकावे, हे आपल्या हाती आहे. आणि मानल्यानंतर त्यासाठी आयुष्य खर्ची घालावे लागते.

स्वप्नातून काव्य निर्माण झाल्याची उदाहरणे इतर देशांतही आहेत. कोलरिज या इंग्रज कवीने १७९७ च्या सुमारास झोपेत दोनतीनशे ओळींचे काव्य स्फुरल्याचे नमूद केले आहे. जागा होताच तो ते उतरवून काढू लागला. इतक्यात कामानिमित्त कोणी गृहस्थ आला, तासभर बोलत बसला, आणि तो गेल्यावर उरलेले काव्य स्मृतीतून पुसले गेले होते. हाती राहिलेल्या ५४ ओळी १८१६ मध्ये छापल्या गेल्या आणि जगप्रसिद्ध झाल्या. कोलरिजला स्वप्नाने ओळी दिल्या. तुकोबांना स्वप्नाने एकही ओळ दिली नाही. काम दिले, आणि कामाचे प्रमाण दिले. म्हणून कोणी दारी आला तरी तुकोबांचे स्वप्न मोडले नाही. ते पुढे जवळजवळ आयुष्यभर पुरले.

मोडण्याचा प्रयत्न मात्र झाला. कवित्व करू लागलेला हा वाणी वेदांचा अर्थ प्राकृतात सांगतो, शूद्र असून ब्राह्मणांकडून नमस्कार घेतो, अशी ओरड सुरू झाली. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान आणि वजनदार ब्राह्मण. अशा लेखनाचा तुकोबांना अधिकार नाही, वह्या बुडवाव्यात, असा निर्णय त्यांनी दिला असे परंपरा सांगते. तुकोबांपुढे मोठा पेच उभा राहिला. एकीकडे स्वप्नातील आज्ञा: लिही. दुसरीकडे धर्मपीठाची उघड्या डोळ्यांनी दिलेली आज्ञा: बुडव. स्वप्नाला साक्षीदार नसतो. नामदेवराय मला येऊन सांगून गेले, हे धर्मसभेत कोण मानणार? तुकोबा भांडले नाहीत आणि पळालेही नाहीत. निषेधाच्या आघाताने चित्त दुखावले, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. वह्या त्यांनी इंद्रायणीत बुडविल्या, आणि ज्याने काम दिले होते त्याच्याच दारात धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्न नाही, पाणी नाही. ज्या धन्याने मापावर बसविले त्याने सांगावे की माप खरे की खोटे, हा त्या धरण्याचा अर्थ.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक आजीने नातवंडांना सांगितली आहे. तुकोबा स्वतः इतकेच म्हणतात की नारायणाने समाधान केले. त्याहून हृदयाला भिडणारी गोष्ट अशी की, संकट टळल्यावर त्यांनी विजयाचा एकही शब्द उच्चारला नाही. आपण देवाचा अंत पाहिला, त्याला पाण्यात उभे केले, याबद्दल त्यांनी अनेक अभंगांतून क्षमा मागितली. चमत्काराविषयी वाचकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. तोपर्यंत ते अभंग लोकांच्या मुखी बसले होते, आणि लोकांच्या मुखातून ते बुडविण्याइतके खोल पाणी इंद्रायणीला नव्हते.

रामेश्वरभट्टांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. अंगाचा दाह असह्य होऊन ते आळंदीस जाऊन राहिले, तेथे ज्ञानेश्वरमहाराजांनी त्यांना स्वप्नात दृष्टान्त देऊन तुकोबांकडे जाण्यास सांगितले, असे संतचरित्रकार सांगतात. एका स्वप्नावर उठलेला हल्ला दुसऱ्या स्वप्नाने शमविला! रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांच्या स्तुतीची रचना त्यांनी केली. चाकणचे संताजी तेली जगनाडे आणि गंगाजीपंत मवाळ हे तुकोबांचे अभंग लिहून घेणारे. वाण्याची वाणी, आणि लेखणी धरणारे हात तेल्याचे व ब्राह्मणाचे. शंभर उपदेशांनी जे साधत नाही ते या दोन वह्यांनी साधले.

याच काळात दूर कोल्हापुरात एक तरुण ब्राह्मण स्त्री तुकोबांचे अभंग ऐकून व्याकुळ झाली होती. वेरुळाजवळील देवगावच्या कुलकर्ण्यांची ती कन्या बहिणाबाई. तिला तुकोबांचे दर्शन घडले नव्हते. कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, स्वप्नात तुकोबा आले आणि त्यांनी तिच्यावर अनुग्रह केला. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्राला गुरू मानावे, हे तिच्या पतीला सहन झाले नाही; तिला मारहाण सोसावी लागली, आणि तो घर सोडून जाण्यास निघाला. पुढे आजारपणात त्याचे मन पालटले आणि ते कुटुंब देहूस येऊन राहिले. बहिणाबाईंनी आपल्या आयुष्याचा वृत्तान्त अभंगांतून लिहिला. मराठीतील स्त्रीने लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान अग्रभागी आहे. तुकोबांना स्वप्नात मिळालेली लेखणी स्वप्नातूनच एका स्त्रीच्या हाती गेली.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, इ. स. १६५० मध्ये, तुकोबा वैकुंठवासी झाले. तुकाराम बीज म्हणून तो दिवस सर्व वारकरी पाळतात. त्यांच्या मागे जन्मलेले पुत्र नारायणमहाराज यांनी पुढे पालखीसोहळा सुरू केला. पिंपळनेरच्या निळोबारायांना तुकोबांच्या निर्याणानंतर त्यांचे दर्शन होऊन अनुग्रह घडला, असे परंपरा मानते. त्यानंतर ताहाराबादच्या महिपतींना तुकोबांनी स्वप्नात येऊन संतांची चरित्रे लिहिण्याची आज्ञा केली. महिपती गावचे कुलकर्णी, हिशेबाची लेखणी चालविणारे. त्यांनी १७६२ मध्ये भक्तविजय पूर्ण केला आणि त्यानंतरही चरित्रे लिहिली. नामदेवरायांचे आणि तुकोबांचे जे चरित्र आज आपण सांगतो त्यातील बहुतेक कथा या महिपतींच्या लेखणीतून आलेल्या आहेत. नामदेव तुकोबांच्या स्वप्नात आले, तुकोबा बहिणाबाईंच्या आणि महिपतींच्या स्वप्नात आले. ज्ञानदेवांचे चरित्र नामदेवरायांनी सांगितले, आणि नामदेवरायांचे सांगणाराही स्वप्नाच्या वाटेनेच मिळाला.

शतकोटींची ती संख्या पुरी झाली काय? १८६९ व १८७३ मध्ये विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून काढलेल्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. वैकुंठगमनास ३०० वर्षे झाली त्या निमित्ताने १९५० मध्ये मुंबई सरकारने तीच गाथा पुन्हा छापली. साडेचार हजार कोठे आणि शंभर कोटी कोठे! पण ज्या मापाने विठ्ठल मोजीत होता त्या मापात पडणाऱ्या प्रत्येक अभंगाबरोबर तो गाणाऱ्यांची गणती धरली, वारीच्या वाटेवर, देवळात, जात्यावर आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ज्यांनी तो म्हटला त्या साऱ्यांची गणती धरली, तर हिशेबात खोट निघणार नाही.

आता ज्ञातिबंधुभगिनींना एक विनंती. नामदेवराय आमचे, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु आपले अपुरे राहिलेले कार्य सोपविताना नामदेवरायांनी वारस शोधला तो आपल्या ज्ञातीत नव्हे. पावणेतीनशे वर्षे त्यांनी वाट पाहिली आणि ज्याने देऊळ दुरुस्त केले, संतांची वचने पाठ केली, मागे राहून ध्रुवपद धरले आणि कर्जाची खते नदीत सोडली, अशा वाण्याच्या उशाशी ते जाऊन उभे राहिले. वंश आणि वारसा या दोन निराळ्या वस्तू आहेत. वंश जन्माने मिळतो; वारसा ज्याची तयारी असेल त्याच्या दारी जातो. त्या वारशावर आपलाही हक्क चालावा असे वाटत असेल, तर ती तयारी आपणास करावी लागेल.

ती तयारी फार अवघड नाही. नामदेवरायांच्या घरात गोणाई, राजाई आणि जनी यांनी अभंग रचले. म्हणून आपल्या घरातील मुलीसुनांच्या हातची वही कोणी टाकून देऊ नये. दुकानाच्या वहीशेजारी एक वही अभंगांसाठी आणि एक आपल्या मनात आलेल्या चांगल्या विचारांसाठी असावी. मुलांनी रात्री निजताना दोन अभंग म्हणावेत. स्वप्न केव्हा पडेल हे कोणाच्या हाती नाही. परंतु ते पडेल तेव्हा आपल्या ओळखीचे संत त्यात यावेत, आणि जाग आल्यावर जवळ वही असावी, इतके तरी आपल्या हाती आहे. नामदेवरायांच्या चरणी हीच प्रार्थना की त्यांनी आपल्या घरांवरूनही एकदा जावे, आणि कोणाला तरी थापटून जागे करावे.